काठावरची तहान

विहिरीचं काम चालू असताना उस्ताद पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. हा नियम त्यांच्या बापाकडून आलेला, आणि बापाला तो कुठून मिळाला हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. जो खाली उतरतो त्याने पाणी पिऊन उतरायचं नाही, कारण प्यायलं की लघवी लागणार, आणि उद्या ज्या पाण्यावर कुणाचं घर जगणार त्या जागी आपण घाण करायची नाही. हे झालं खालच्याचं. वरच्यासाठीही नियम होताच. खालचा तहानलेला असेपर्यंत काठावरच्यानेही घसा ओला करायचा नाही. उस्ताद म्हणायचे, ज्याचा घसा ओला, त्याला खालच्याचा विसर पडतो, आणि ज्याच्या हातात दोर आहे त्याला विसर परवडत नाही.

संध्याकाळी शेवटचा माणूस वर आला की सगळे ओळीने बसत आणि तांब्यावर तांबे रिचवत. उस्ताद पीत तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होताना बघायला आजूबाजूची पोरं जमत. तहान अशी दिवसभर सांभाळून आणायची आणि एका बैठकीत उधळायची, यात त्यांना एक प्रकारची श्रीमंती वाटे.

असा हा माणूस आयुष्यभर खोल खड्ड्यांत उतरला, सुरुंगाच्या धुरात वावरला, आणि त्याला साधं खरचटलं नाही. पडला कुठून, तर स्वतःच्या घराच्या पत्र्यावरून. गळका सांधा बुजवायला चढले होते. नशिबाला थट्टा करायची हुक्की आली की ते असलीच ठिकाणं शोधतं. कंबरेखालचं अंग गेलं. पाय उरले नावाला. लघवीसाठी नळी आली, नळीच्या टोकाला पिशवी आली, आणि पिशवी रिकामी करायचं काम सुनेकडे आलं.

दुसरं होतं कोण? उस्तादांची बायको केव्हाच गेली होती. मुलगा दिवस उजाडला की विहिरीत. पहिल्या दिवशी सुनेने पिशवीखाली भांडं धरून तोटी उघडली, तेव्हा उस्तादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून ती भांडं घेऊन आली की त्यांना भिंतीवरचा एखादा पोपडा फार महत्त्वाचा वाटायला लागे. सून बडबडी होती. ती मुद्दाम शेजारणीच्या भांडणाचं काहीतरी सांगत बसे, म्हणजे भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकू येऊ नये. एवढं करूनही दोघांना तो ऐकू येई.

नळी दोनदा तुंबली. पहिल्यांदा नळीच गेली असेल खराब म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दुसऱ्यांदा थंडी वाजून ताप भरला आणि उस्ताद दोन दिवस असंबद्ध बोलत होते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने नळी बदलली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पाणी भरपूर प्या उस्ताद. पुन्हा अशी तुंबली आणि ताप मूत्रपिंडापर्यंत गेला तर मला तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. तिथून आलात तरी अंथरुणातच पडून राहाल. विहिरीच्या काठावर पुन्हा बसायचं विसरा."

"पितो की," उस्ताद म्हणाले. "रोज दोन तांबे पितो."

ते खोटं बोलत नव्हते.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि विहिरींनी तळ दाखवले. गावाबाहेरच्या फळबागेचा मालक, ज्याला सगळे मळेवालाच म्हणत, तो घरी येऊन बसला. झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली होती. त्याला विहीर आणखी खोल करून हवी होती, आणि तीही लगेच. मुलगा तयार होता, पण तो बापाकडे बघत होता. त्याच्या हातात जोर होता, कान नव्हता. घण खडकावर पडला की आवाजावरून मागे भरीव आहे, पोकळ आहे की ओल आहे, हे उस्ताद वर बसून सांगत. मुलाला सगळे आवाज सारखेच लागत. त्या विहिरीचा एक कोपरा आधीच सुटत चालला होता. चुकीच्या जागी घाव पडला असता तर दरड खाली काम करणाऱ्याच्याच अंगावर आली असती.

"मला काठावर नेऊन ठेवा," उस्ताद म्हणाले. "पाय काय करायचेत? मला कानांनी काम करायचंय."

हे बोलताना ते कितीतरी महिन्यांनी ताठ बसलेले दिसले. मग नको म्हणणार कोण?

टेम्पोतून त्यांना नेलं. हात असलेल्या लाकडी खुर्चीत गादीचा तुकडा घातला, पोटाभोवती पट्टा बांधला, वर ताडपत्रीची सावली केली. पिशवी खुर्चीच्या पायाला खाली अडकवली आणि तिच्यावर गोणपाट टाकलं. शेजारीच यारी उभी होती. यारी म्हणजे विहिरीतून दगडमाती वर ओढणारं लोखंडी यंत्र, आणि ते चालवणारा यारीवाला उस्तादांबरोबरच म्हातारा झालेला. त्याने गोणपाटाकडे पाहिलं, पिशवीचं काही विचारलं नाही, आणि बिडी काढून उस्तादांपुढे धरली.

काम सुरू झालं. मुलगा खाली घण घाली, उस्ताद डोळे मिटून ऐकत.

"थोडं डावीकडे."

"इथे?"

"आणखी. हां. आता मार."

घाव पडे, आणि उस्ताद मान हलवत. बादली भरून वर येई, यारीवाला ती कडेला ओतून पुन्हा सोडी. दुपारी सून डबा घेऊन येई; मुलाचा डबा बादलीतून खाली जाई. ताडपत्रीचं एक टोक खाली ओढून ती उस्तादांना आडोसा करी, पिशवी रिकामी करी आणि बाभळीच्या मागे जाऊन भांडं ओतून येई. पिशवीत फारसं काही नसेच. जे असे ते गडद, चहासारखं. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला की उस्ताद भुवयांनीच विहिरीकडे दाखवत. खाली माणूस आहे. ग्लास परत जाई. जेवतही चिमणीएवढं, कारण पोटाचंही पुन्हा दुसऱ्यालाच करावं लागणार. सकाळी घरातूनच कोरडे निघायचे आणि संध्याकाळी मुलगा वर आला की दोन तांबे एका दमात संपवायचे. जुना नियम, जुनी सवय. उस्तादांना वाटे, निदान एवढं तरी आपल्याला पूर्वीसारखं जमतंय.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच त्यांना अंगात कसकस वाटायला लागली. ऊन आहे, वाटणारच, असं त्यांनी ठरवून टाकलं. पायजमा मांड्यांपाशी ओला होत गेला, ते त्यांना कळलं नाही. कळायला तिथे जाणीवच नव्हती. नळी आतून बंद झाली होती आणि लघवी तिच्या कडेने वाट काढत होती. मळेवाला समोरच उभा राहून खडकाबद्दल काहीतरी विचारत होता. यारीवाल्याला पायजमा दिसला. त्याने यंत्र थांबवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उस्तादांच्या मांडीवर पसरला.

"ऊन फार लागतंय उस्ताद, राहू दे तेवढं," तो म्हणाला, आणि मळेवाल्याच्या दंडाला धरून त्याला झाडं दाखवायच्या निमित्ताने दूर घेऊन गेला.

उस्तादांनी टॉवेल उचलून पाहिलं. मग पुन्हा तसाच ठेवला. त्यांनी खाली हाक मारली, ती नेहमीच्या आवाजात नव्हती, म्हणून मुलगा हातातलं टाकून वर आला.

आरोग्य केंद्रात सिस्टरने जुनी नळी काढून नवी घातली. पोट दगडासारखं झालं होतं, ते हळूहळू उतरलं. बाहेर आलेल्या लघवीचा वास खोलीभर पसरला आणि उस्तादांनी डोळे मिटून घेतले. सून उशाशी उभी होती. मुलगा दारात पाठ करून उभा होता.

सिस्टरने जुन्या नळीचं टोक ट्रेमध्ये ठेवून त्यांच्यापुढे धरलं. टोकाला पांढरट, खरखरीत काहीतरी जमलं होतं, आणि त्यानेच भोक बुजलं होतं.

"हात लावून बघू?" उस्तादांनी विचारलं.

तिने हातमोजा दिला. त्यात त्यांचा पंजा जाईना. शेवटी दोन बोटांवर टोपीसारखा चढवून त्यांनी तो थर चोळून पाहिला.

"चुनखडी," ते म्हणाले. "पाणी साचून आटत गेलं की कडेला हीच धरते."

"तेच झालंय. पण दोन तांबे पाणी पिणाऱ्या माणसाची लघवी इतकी दाट कशी?" सिस्टर विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "उस्ताद, पाणी पिता कधी?"

"संध्याकाळी. काम सुटल्यावर."

"आणि सकाळपासून?"

"सकाळपासून काम असतं."

सिस्टर स्टुलावर बसली. तिला हसावं की रागवावं कळेना. "चुकलं माझंच. दर खेपेला किती पिता ते विचारलं. कधी पिता हे विचारायचं सुचलंच नाही. दिवसभराचं पाणी एका बैठकीत कोण पितं?"

"विहिरीवरचा माणूस पितो."

"आता तुम्ही विहिरीवरचे असा नाहीतर विमानातले. आतली लघवी दिवसभर पातळ राहिली पाहिजे, वाहती राहिली पाहिजे. दाट झाली की त्यातले क्षार नळीच्या तोंडाशी बसतात, जंतू त्यात भर घालतात." मग ती सुनेकडे वळली. "तास-दोन तासांनी एक एक ग्लास. त्यात लिंबू पिळ, लिंबाने हा थर लवकर धरत नाही. फळं, पालेभाजी, पातळ डाळ. पोट साफ राहायला हवं, ते तटलं की त्याचाही दाब नळीवर येतो. पिशवीतला रंग फिकट दिसला की समजायचं गाडी रुळावर आहे. आता यामुळे नळी कधीच तुंबणार नाही असं मी लिहून देत नाही. पण असंच कोरडं राहिलात तर तुंबणार, हे मात्र नक्की. आणि या वेळचा ताप अंगात भिनला असता उस्ताद. थोडक्यात सुटलात."

उस्तादांनी हातमोजा काढून ट्रेमध्ये ठेवला. त्यांना पटलं नव्हतं असं नाही. पण पटणं वेगळं आणि नियम मोडणं वेगळं.

दोन दिवस घरी काढून ते पुन्हा काठावर जायला निघाले. अडवून उपयोग नव्हता. त्या दोन दिवसांत मुलाने त्यांच्याशिवाय एक घाव घातला होता, आणि दाराएवढा दगड त्याच्या टाचेला चाटून गेला होता. सकाळी मागच्या दारी सून पिंपातून पाणी काढत होती. तिने एक बाटली भरली आणि नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पहारीच्या आड, फडक्यात गुंडाळून ठेवली. लग्न झाल्यापासून ती हे रोज करत आली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली. "आता तरी सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"की तुम्ही खाली पाणी पिता. ते तुमच्यासाठी कोरडे बसतात. तुम्ही पिता हे कळलं तर तेही पितील."

मुलगा हत्यारं चाचपत राहिला. मिसरूड फुटायच्या आधी तो पहिल्यांदा विहिरीत उतरला होता. त्या पहिल्याच उन्हाळ्यात खाली चक्कर येऊन घण पायावर पडता पडता राहिला. दुसऱ्या दिवसापासून बाटली. बापाला सांगायची हिंमत त्या दिवशी झाली नाही, आणि मग जसजशी वर्षं गेली तसतशी आणखी कमी होत गेली. उस्ताद चारचौघांत सांगायचे की माझ्या बापाचा नियम माझ्या पोराने राखलाय. तेव्हा मुलगा खाली बघायचा, आणि लोकांना वाटायचं पोरगा लाजाळू आहे.

"मी नाही सांगू शकत," तो म्हणाला. "आधीच त्यांचे पाय गेलेत. त्यात मी खोटा निघालो तर त्यांच्याकडे राहिलं काय?"

"आणि ते गेले तर तुमच्याकडे काय राहील?"

तो पिशवी उचलून निघून गेला. सून तिथेच उभी राहिली. नवऱ्याचं गुपित फोडावं तर बाप-लेकात कायमची भिंत, फोडू नये तर सासरा डोळ्यांदेखत सुकत चाललेला. बाईने बाजू धरावी तरी कुणाची? शेवटी तिने तिसरी वाट काढली.

त्या दुपारी ती डब्याबरोबर एक कलिंगड घेऊन आली.

"हे काय?" उस्तादांनी विचारलं.

"खायचं आहे, मामा. प्यायचं नाही. खायला तर नियम नाही ना?"

उस्तादांनी विचार केला. डबा तर काठावर आपण पहिल्यापासून खात आलोय. नियमात कलिंगडाचा उल्लेख नव्हता. त्यांनी एक फोड घेतली. मग दुसरी. रस हनुवटीवरून ओघळला तो त्यांनी बाहीला पुसला. यारीवाल्यालाही दोन फोडी मिळाल्या. दुसऱ्या दिवशी काकडी आणि संत्री आली. तिसऱ्या दिवशी डाळ इतकी पातळ आली, की यारीवाला वाटीत डोकावून म्हणाला, "सूनबाई, डाळ पोहायला गेली होती का?" सून हसली नाही. तिचं लक्ष पिशवीकडे होतं. पिशवीतला रंग उजळत होता. उस्तादांच्या चेहऱ्यावरही तजेला आला होता, आणि खडकातली ओल ते आता पहिल्या घावातच ओळखत होते.

पण यारीवाल्याची जीभ सैल. चौथ्या दिवशी तो फोड खाता खाता म्हणाला, "उस्ताद, काही म्हणा, सूनबाईंनी तुम्हाला न पाजता पाणी पाजलं."

उस्तादांचा हात तोंडाजवळ थांबला. त्यांनी फोडीकडे पाहिलं, डाळीच्या वाटीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पाणी खायला घालतेस होय मला?"

तिने साली गोळा करायला घेतल्या.

"लबाडी आहे ही." त्यांनी फोड ताटात ठेवली आणि ताट सारलं. आवाज चढला नव्हता, पण यारीवाल्याने घाईघाईने यंत्र सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. "खाली माझा पोरगा कोरड्या घशाने घण घालतोय. मी सावलीत बसून रस चोखू? आजपासून काठावर काही आणायचं नाही. कोरडं जे असेल ते आण."

"सिस्टर काय म्हणाल्या ते विसरलात मामा?"

"नाही विसरलो."

"मग?"

"मग काय? त्याची तहान आहे तोवर माझी आहे."

सून भांडं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. "खरं सांगा," ती म्हणाली, "त्यांच्या तहानेपायी, की माझ्यापायी? पिशवी भरू नये, मला काढावी लागू नये, म्हणून तुम्ही पीत नाही. मला काय कळत नाही? मी आले की भिंत बघता. इथे भिंत नाही तर आभाळ बघता."

उस्ताद खरंच आभाळाकडे बघत होते. त्यांनी मान खाली घेतली.

"तेही आहे," ते म्हणाले. "लपवून काय करू? तुला पोरीसारखी आणली घरात. ही असली कामं करायला नाही आणली."

"मामा, पिशवी भरलेली दिसली ना, की मला बरं वाटतं. सकाळी उठले की आधी तीच बघते. फिकट दिसली, भरलेली दिसली, की दिवस चांगला जातो. रिकामी दिसली की कशातच लक्ष लागत नाही." तिने पिशवीवरचं गोणपाट सारखं केलं. "रिकामी नका हो ठेवू. मला त्या भरलेल्या पिशवीची घाण वाटत नाही. रिकामीची भीती वाटते."

उस्तादांना हे कधी सुचलं नव्हतं. ती नाक मुरडत असेल, रात्री नवऱ्याजवळ कुरकुरत असेल, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्याबाबतीत मी चुकलो. आता नाही तोंड फिरवणार. पण त्याचं काय करू? मी बाप आहे त्याचा. तो खाली कोरडा असताना माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. मुद्दाम करत नाही मी. उतरतच नाही."

सून विहिरीकडे वळली. एक पाऊल पुढे आली, तोंड उघडलं, आणि मिटलं.

विहिरीची एक गोष्ट आहे. खालचा आवाज जसा वर येतो तसा काठावरचाही खाली जातो, आणि जाताना मोठा होत जातो. उस्तादांना हे सगळ्यांत जास्त ठाऊक. पण त्या दुपारी त्यांच्या ध्यानात नव्हतं, की घणाचा आवाज मघापासून थांबलाय.

"बाबा," खालून हाक आली.

यारीवाला दचकला. विहिरीवर मुलगा त्यांना उस्ताद म्हणे, सगळ्यांसारखा. बाबा घरात.

"काय रे?"

"मी पाणी पितो."

उस्तादांना नीट कळलं नाही. "हवंय का? पाठवू?"

"नाही. म्हणजे, रोज पितो. माझ्याजवळ बाटली असते. पहिल्या उन्हाळ्यापासून. चक्कर आली होती तेव्हापासून." खाली घण खडकाला टेकवल्याचा आवाज आला. "मी कधी कोरडा नव्हतो बाबा. तुम्ही उगाच बसलात."

मळेवाला बागेतून येता येता थबकला. यारीवाला बूट निरखत राहिला. उस्तादांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. त्यांच्या तोंडून निघाला तो प्रश्न रागाचाही नव्हता, दुःखाचाही नव्हता. त्यांच्या पिढीजात धंद्याचा होता.

"आणि लघवी? एवढ्या सगळ्या विहिरी. लोकांच्या पाण्यात केलीस?"

"नाही." आवाज दुखावलेला होता. "तेवढा नियम मोडला नाही. दुसरी बाटली असते. झाकणाची. संध्याकाळी हत्यारांच्या पिशवीतून वर नेतो."

यारीवाल्याने डोकं वर केलं. "म्हणजे इतकी वर्षं ती मी ओढतोय?"

मळेवाल्याला हसू आवरेना, त्याने तोंडावर हात धरला. उस्ताद मात्र हसत नव्हते. ते सुनेकडे बघत होते. तिची मान खाली होती, आणि कान लाल झाले होते.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"ती बाटली घरी कोण धुतं?"

"कोण धुणार?" सून म्हणाली. "लग्न झाल्यापासून मीच धुते. म्हणून तर म्हणते, मला त्यात नवीन काही नाही."

वाऱ्याने ताडपत्रीचं टोक फडफडत होतं. आपल्या नियमासाठी पोराला एवढी लपवाछपवी करावी लागली, चक्कर आली तेही सांगता आलं नाही, हे उस्तादांना आत कुठेतरी टोचत गेलं. आणि त्याच वेळी हलकंही वाटत होतं. आपला पोरगा धडधाकट, दोन पायांवर उभा, आणि तोही स्वतःची लघवी बाटलीत भरून सुनेच्या हाती देत होता. मग आपण कुठले जगावेगळे?

"सगळी तहान फुकट गेली म्हणायची," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू फुटलं. पोटाचा पट्टा हलायला लागला तसं सुनेने पुढे होऊन त्यांना धरलं. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"उस्ताद, चुकलो," खालून आवाज आला.

"बाबाच म्हण," उस्ताद म्हणाले. "आणि वर ये. लघवीला वर यायचं, प्यायला वर यायचं, सावलीत बसायचं. आणि ती बाटली फेकून दे."

मळेवाला घड्याळाकडे बघत म्हणाला, "अहो, असं दर वेळी वर आलं तर काम लांबेल."

"लांबेल," उस्ताद म्हणाले. "तुमच्या झाडांना सांगा."

यारीवाल्याने बादली खाली सोडली. मुलगा तिच्यात पाय रोवून दोर धरून वर आला. काठावर उतरून तो उभाच राहिला, मातीने भरलेला, बापाच्या नजरेला नजर न देता. उस्तादांनी खुर्चीशेजारच्या दगडावर थोपटलं. तो बसला.

सुनेने दोन ग्लास भरले आणि त्यांत लिंबू पिळलं. नवऱ्याने ग्लास घेतला, पण ओठाला लावला नाही. तो बापाकडे बघत थांबला. उस्तादांनी ग्लास हातात धरला. ऊन डोक्यावर होतं, काम अर्धवट पडलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा वेळी पाणी प्यायले. घोट घोट, सगळा ग्लास.

मग त्यांनी रिकामा ग्लास सुनेपुढे धरला आणि तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "आणखी दे. आणि ते भांडं जवळच ठेव."